डावा भांग, उजवा भांग

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दाराखिडकीवरचा फुलाफुलांचा पडदा येत असेल. मी तसला नाही. गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचा मी पडदा, आता जुना झालेला. माझ्या अंगावर एकही फूल नाही. कोरा होतो, म्हणूनच माझ्यावर नद्या वाहिल्या, घोडे धावले, वराती निघाल्या. आणि मशीनचा दिवा मालवला की मी पुन्हा कोराच्या कोरा.

माझा जन्म वसमतच्या एका कापडदुकानातला. जळबा नावाच्या तरुण माणसानं मांजरपाटाचं अख्खं ठाण खांद्यावर टाकलं आणि शिंप्याकडे नेलं. शिंप्यानं पट्टे जोडले खरे, पण शिवण अशी ओढली की माझ्या अंगभर सुरकुत्या पडल्या. पहिल्याच खेळाला नायकाचं नाक मधोमध मुडपलं आणि माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी जळबाच्या बायकोनं, रुक्माबाईनं, सगळी शिवण उसवली. मग मांडी घालून बसली आणि मला हातानं नव्यानं शिवलं. शिवताना ती गुणगुणत होती. मला वाटतं, माझ्या शिवणीत जितका दोरा आहे तितकंच तिचं गाणंही आहे.

तुम्ही पाहता त्या थिएटरातला पडदा भिंतीला पाठ लावून उभा असतो. मला मात्र तंबूच्या मधोमध दोन बांबूंना ताणून बांधत. एका अंगाला मशीन आणि गडीमाणसं. दुसऱ्या अंगाला बायाबापड्या आणि त्यांची लेकरं. तशी रीतच होती तेव्हा. खेळ सुरू व्हायच्या आधी रुक्माबाई कळशी घेऊन यायची आणि माझ्यावर पाणी शिंपडायची. कापड ओलं झालं की उजेड आरपार जातो. मग पलीकडच्या बायांनाही चित्र दिसायचं. दिसायचं, पण उलटं. आरशात दिसतं ना, तसं.

म्हणजे बायांच्या बाजूला सिनेमातली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची आणि डाव्याच हातानं देवाला फूल वाहायची. कुरुंद्याच्या पंचफुलाबाईला हे बिलकुल खपत नसे. "एवढा मोठा हिरो," ती म्हणायची, "पण आईनं जेवायचं वळण लावलं न्हाई बघ." सिनेमातल्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेतात हे बघून कुरुंद्याच्या पोरीही तसाच पदर घेऊ लागल्या होत्या. आया कपाळावर हात मारून घ्यायच्या. पलीकडे गेलं की हे सगळं सुलट होतं, हे सांगणार कोण? पलीकडे जायची रीतच नव्हती.

मी दोन्हीकडे होतो, पण मला बोलता येत नव्हतं.

आमची बरीच वर्षं सुखात गेली. आधी बैलगाडीतून, मग टेम्पोतून आम्ही हिंडलो. आखाडा बाळापूरला बाजाराच्या मैदानात, कुरुंद्याला हळदीच्या हंगामात, कुठे जत्रेत. तेव्हा आपला हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीचेच म्हणवायचो. तंबूची दोरी दिसली की लेकरं धावत यायची. कुणी मला हात लावून पाहायचं, आत माणसं कुठे बसलीत म्हणून. हळद शिजवून, घासून आलेल्या बाया खेळ संपल्यावर जाताना माझ्यावरून हात फिरवायच्या. माझ्या त्या बाजूला पिवळे पंजे उमटायचे. रुक्माबाई धुवायची, तरी फिकट पिवळं राहायचंच. मला ते आवडायचं. वाटायचं, आपल्याला हळद लागली.

मशीन चालवायला मोहनसिंग होता. नांदेडकडचा, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारा, हसतमुख. जळबा तिकीट फाडायचा आणि भोंग्यावरून पुकारा करायचा. रुक्माबाई बायांची बाजू सांभाळायची. आणि तंबूच्या मागे तिच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या.

या शेळ्यांपासूनच माझ्या गोष्टीतला अवघड भाग सुरू होतो.

गंगी आणि जमनी या एका शेळीच्या जुळ्या पाटी, म्हणजे मादी पिल्लं. अंगानं काळ्या, कानांवर पांढरे ठिपके, दोघींची शिंगं सारखीच मागे वळलेली. त्यांची आई बाळंतपणातच मेली. जमनी धट्टीकट्टी होती, तिनं दुसऱ्या शेळीचं दूध ओढून काढलं. गंगीला उभंही राहता येत नव्हतं. रुक्माबाईनं तिला कापसाच्या वातीनं दूध पाजलं आणि त्या सबंध हिवाळ्यात टेम्पोत मांडीवर घेऊन ती बसली. या नवराबायकोला लेकरू नव्हतं. त्यावर मी काही बोलणार नाही.

पुढे गावात व्हिडिओ आला, घरांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, आणि तंबूतली सतरंजी उघडी पडू लागली. त्यातच पौषात मशीनचा मोठा दिवा जळून गेला. जळबा म्हणाला, "एक शेळी विकावी लागती." रुक्माबाई म्हणाली, "जमनीला न्या." सकाळी ती पाण्याला गेली असताना जळबानं दोरी सोडली आणि बाळापूरचा बाजार गाठला. संध्याकाळी दिवा घेऊन परतला. रुक्माबाईनं खुंट्याकडे पाहिलं. खुंट्याला जमनी होती.

"गंगी कुठं हाय?" तिनं विचारलं.

जळबानं जमनीकडे पाहिलं, हातातल्या दिव्याच्या खोक्याकडे पाहिलं. चूक झाली हे त्याला कळलं होतं, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "शेळी ती शेळी. दोन्ही सारख्याच तर हायेत."

तेव्हापासून रुक्माबाई त्याच्याशी बोलली नाही.

भांडली असती तर बरं झालं असतं. तिची सगळी कामं आधीसारखी चालू होती. पाणी शिंपडायची, भाकरी थापायची, तंबू झाडायची. फक्त बोलायचं ते मोहनसिंगाकडून.

"मोहनसिंग, ह्यास्नी इचार, भाकर आत्ता खायची का मागून?"

जळबा हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. "मोहनसिंग, सांग तिला, मागून."

"अरे, मी काय पोस्टाचा डबा हाय का?" मोहनसिंग म्हणायचा. "भाभी, यांचे कान तिकडेच हैं, तुमच्या बाजूला. टाका की डायरेक्ट."

कुणी हसायचं नाही.

फाल्गुनात आम्ही कुरुंद्याला आलो. गावभर हळदीच्या कढया उकळत होत्या, वाफेचा कडवट गोड वास माझ्या सुतासुतात भरला. पंचफुलाबाई भेटायला आली, तेव्हा दोघी माझ्या सावलीत बसल्या. रुक्माबाई सुपातलं निवडता निवडता सांगून गेली, "कुरुंद्याचा ह्यो खेळ झाला की मी वसमतला भावाकडं चालले. सकाळच्या यष्टीनं."

"माघारी कवा येणार?"

"यायचं न्हाई."

पंचफुलाबाईनं सूप हातातून काढून घेतलं. "बाई, शेळीपायी कुणी घर सोडतं का?"

"शेळीचं न्हाई गं," रुक्माबाई म्हणाली. "तिला चार वर्सं मी मांडीवर, काखेत घेऊन हिंडले. त्याच्याच डोळ्यासमोर. त्याला ती वळखू आली न्हाई. मग मला तरी त्यानं कवा बघितलं असंल?"

मित्रांनो, ते ऐकून माझ्या दोऱ्या सैल पडल्यासारख्या वाटल्या. मला कुणाला हाक मारता येत नव्हती. दिवस मावळायची वाट बघण्याखेरीज माझ्या हाती काही नव्हतं.

त्या दिवशी देवीचा सिनेमा लागणार होता. गावात सकाळपासून तसा पुकारा झाला होता. सिनेमाच्या रिळांची पत्र्याची पेटी आदल्या दिवशी रेल्वेनं वसमतला येऊन पडली होती, तिच्यावरच्या चिठ्ठीत नावही देवीचंच होतं. अंधार पडला तसा तंबू भरला, इतका की मागची कनात उचलून धरावी लागली. देवी दर्शन देणार म्हणून बाया नारळ, हळदकुंकू घेऊन आल्या. पंचफुलाबाई तर आरतीचं ताट घेऊन अगदी माझ्यापुढे बसली.

मोहनसिंगानं मशीन सुरू केलं. माझ्यावर अक्षरं उमटली. जिलब्या तळाव्यात तशी गोल गोल अक्षरं. नंतर एक माणूस दुमजली घरावरून खाली उडी मारून आला, त्यानं चौघांना लाथा घातल्या, पाचव्याला उचलून भाजीच्या गाड्यावर फेकलं, आणि कुणालाही न कळणाऱ्या भाषेत भडाभडा बोलत सुटला.

पंचफुलाबाईनं हळूच विचारलं, "देवी कवा येती?"

मोहनसिंगानं पेटीत डोकं घातलं. "मालक, तामिळ पिक्चर हाय. पेट्या सगळ्या सारख्या दिसतात. कुठंतरी बदली झाली."

गडीमाणसांतून संतराम उठला. संतराम म्हणजे गावातला बोलका माणूस, त्याच्या आवाजाला भोंगा लागत नसे. "काय जळबा, देवीनं मिशा कवापासून ठेवल्या?"

लोक हसले, पण असलं हसणं भांडणाकडे वळायला वेळ लागत नाही. जळबानं माईक उचलला. सिनेमा त्यानंही कधी पाहिलेला नव्हता, तामिळचा एक शब्द कळत नव्हता. तरी तो शांतपणे म्हणाला, "मंडळी, बसून घ्या. देवी पुढच्या बाजाराला आणतो. आज ही मारामारीची, हसायची गोष्ट हाय. म्या सांगतो तुमाला. न्हाई पटली तर उद्या बोला."

आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. चित्र बघायचं आणि अंदाजानं गोष्ट रचायची. दोन माणसं होती, एका तोंडवळ्याची. एक खानावळीत आचारी, भित्रा, मांजराला सुद्धा वाट देणारा. दुसरा गुंड. गुंडाच्या मागे लोक लागतात, तो खानावळीत शिरतो, आचाऱ्याचे कपडे घालून बसतो, आणि आपले कपडे आचाऱ्याला घालून बाहेर ढकलतो. तिथून पुढे सगळा गोंधळ. गुंडाचे वैरी आचाऱ्याला बडवतात. आचाऱ्याची होणारी बायको गुंडाला जेवायला वाढते. आणि गुंडाला भात शिजवता येत नाही म्हणून खानावळीतली गिऱ्हाइकं त्याला बडवतात.

"आता दोघांत फरक काय?" जळबा भोंग्यावरून म्हणाला. "ध्यानात ठेवा. डावा भांग तो आचारी. उजवा भांग तो गुंड. बराबर?"

"बराबर," गडीमाणसं म्हणाली.

बायांनीही ध्यानात ठेवलं. भोंगा एकच होता, तो दोन्हीकडे ऐकू जात होता. फक्त त्यांच्या बाजूला डावा भांग उजवीकडे दिसत होता, आणि उजवा डावीकडे.

पुढे काय झालं ते आठवून अजून माझ्या किनारी हलतात. गडीमाणसं आचाऱ्यासाठी हळहळत होती आणि बाया गुंडासाठी. इकडे आचारी मार खायचा, तर तिकडे बाया म्हणायच्या, "हाण मेल्याला." गुंडानं कुणाच्या तरी खिशातून घड्याळ काढलं, तर पंचफुलाबाई डोळे पुसत म्हणाली, "गरिबाचं लेकरू, पोटासाठी करतंय." आणि आरती वाया जाऊ नये म्हणून तिनं ताटातलं निरांजन पेटवलं आणि गुंडाला ओवाळलं. हातात सुरा घेऊन तो खदाखदा हसत होता.

"त्यो आचारी भारी गुणाचा हाय," बाया एकमेकींना सांगत होत्या. "चाकू कसा झकास चालवतो."

मग त्या मुलीनं खऱ्या आचाऱ्याच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. गडीमाणसांत "वा वा" झालं. बायांत एकच कल्लोळ उठला. "अगं, गुंडाच्या गळ्यात पडली की. जळबादादा, आवरा तिला."

"काहून आवरू?" जळबा गोंधळला. "त्योच तिचा माणूस हाय. डावा भांग."

"डावा कुठला, उजवा हाय."

"डावा हाय हो माय."

"आमी काय आंधळ्या हावं का?"

संतराम मध्ये बोलला. "बायांना डावं उजवं कळत असतं, तर पदर उलट्या खांद्यावर घेतला असता का?" त्यावर पलीकडून एक नारळ माझ्या कडेवरून उडत आला. नशीब, तो सतरंजीवर पडला.

तेव्हा रुक्माबाई उठून उभी राहिली. अगदी माझ्याजवळ आली, इतकी की तिचा श्वास मला लागत होता. माझ्याकडे तोंड करून ती बोलली, माझ्यातून पलीकडे.

"तुमचं डावं ते आमचं उजवं असतं. एवढी वर्सं झाली तंबू घालून. इकडं कवा येऊन बघितलं का?"

मोहनसिंगाला सांगून नाही. सरळ जळबाला. पौषानंतरचं ते पहिलं बोलणं.

माझ्यावर दोन माणसं कणकेच्या पिठात कुस्ती खेळत होती, पण कुणी बघत नव्हतं. जळबाच्या हातात माईक तसाच राहिला. मित्रांनो, पडद्यामागे चित्र उलटं दिसतं हे काय त्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिथं जाऊन बसणं वेगळं. तिथं तो एका खेळालाही बसला नव्हता.

"न्हाई," तो हळूच म्हणाला. भोंग्यानं ते हळू बोलणंही सगळ्या गावाला ऐकवलं.

"मग तुमी तुमच्यांना सांगा," रुक्माबाई म्हणाली. "आमच्यांना मी सांगते."

आणि तिथून एका सिनेमाच्या दोन गोष्टी सुरू झाल्या. पलीकडे जळबा माईकवर, अलीकडे रुक्माबाई नुसत्या आवाजानं. तिच्या बोलण्याला आपोआप जात्यावरची लय यायची. मारामारी आली की ती थांबायची, म्हणायची, "हे काय सांगायचं, दिसून राहिलं की." पण आचाऱ्याची आई दोघांकडे बघत उंबऱ्यात उभी राहिली, तेव्हा तिनं सूर धरला:

दोघांचं एकच तोंड, एकच चालणं,
जीव लावल्या माणसाला कळे वेगळं बोलणं.

बाया डुलू लागल्या. हळूहळू जळबाची गोष्ट आखडू लागली. तो दोन वाक्यं बोलायचा आणि पलीकडचं ऐकत थांबायचा. संतराम म्हणाला, "मालक, पुढं?" जळबा म्हणाला, "थांब जरा. ऐकू दे."

शेवटाला सगळे नदीवर पोचले. गुंड आणि आचारी दोघंही पाण्यात पडले, दोघंही निथळत बाहेर आले. केस कपाळावर चिकटलेले. आता ना डावा भांग, ना उजवा. कपडेही चिखलानं सारखेच झालेले. ती मुलगी समोर उभी होती. दोघंही तिला काहीतरी सांगत होते, दोघांचा आवाज एक, आणि भाषा तर कुणालाच येत नव्हती.

"जळबा, सांग की," लोक ओरडले. "खरा कोणता?"

जळबानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तो एकदा या चेहऱ्याकडे बघे, एकदा त्या. त्याच्या तोंडावर पौषातली ती संध्याकाळ पुन्हा आली. या वेळी तो म्हणाला, "मला वळखू येईना." आणि माईक मोहनसिंगाच्या हातात देऊन, बांबूची दोरी उचलून, तो वाकून माझ्याखालून पलीकडे गेला.

बायांनी पदर सावरले. "अगं बया, गडीमाणूस आला इकडं." पंचफुलाबाई म्हणाली, "येऊ द्या. घरचाच हाय."

जळबा रुक्माबाईजवळ जमिनीवर बसला. वर मान करून त्यानं पाहिलं. नदी उलट्या अंगानं वाहत होती. सगळं तेच, आणि सगळं अनोळखी.

"रुक्मे," तो म्हणाला, "खरा कोणता गं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. "काहून? दोन्ही सारखेच तर हायेत."

हे त्याला लागलं. लागायलाच हवं होतं. तो तसाच बसून राहिला, उठून गेला नाही.

"मला कळत न्हाई," तो म्हणाला. "म्हणून आलो इकडं."

माझ्यावर ती मुलगी अजून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. रुक्माबाईनं बोट केलं. "तो. उभा राहून तिच्याकडं बघून राहिला तो. दुसरा बघा, पळायला वाट कुठं हाय ते बघून राहिला."

"ओ रुक्माबाई," पलीकडून संतरामाचा आवाज आला, पण आता त्यात चेष्टा नव्हती. "मोठ्यानं सांगा. आमाला ऐकू येऊन न्हाई राहिलं."

तिनं मोठ्यानं सांगितलं, दोन्ही बाजूंना. आणि त्या परमुलखातल्या पोरीनं पुढे होऊन त्याचाच हात धरला. तंबूच्या दोन्ही अंगांनी टाळ्या पडल्या. माझ्या दोन्ही अंगांना त्यांचा वारा एकाच वेळी लागला. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सकाळी मोहनसिंग चुकीची पेटी परत पाठवायला वसमतला गेला. रुक्माबाईचं गाठोडं तंबूच्या दाराशी बांधून ठेवलेलं होतं, जमनीची दोरी त्यालाच अडकवली होती. रुक्माबाई जायला निघालेलीच होती. पण मी अजून बांबूवर होतो, आणि दिवस वर येत होता. माझ्याएवढं कापड एकट्यानं घडी होत नाही. एक टोक धरलं की दुसरं धुळीत लोळतं.

जळबानं मला सोडवलं. एक टोक हातात घेऊन उभा राहिला. रुक्माबाईनं दुसरं टोक उचललं.

मला घडी घालायची म्हणजे दोघांनी लांब उभं राहून मला ताणायचं, झटकायचं, मग टोकं जुळवायला चालत एकमेकांपर्यंत यायचं. पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. पहिल्या घडीला ते जवळ आले तेव्हा जळबा म्हणाला, "दोरी सोडताना मी बघितलंच न्हाई. हाताला लागली ती नेली."

"ठाऊक हाय मला."

दोघं मागे गेले. मी मधे ताणला गेलो. दुसऱ्या घडीला तो म्हणाला, "बाळापूरच्या बाजाराला चल माझ्यासंग. तिला हुडकू."

"आता काय सापडती ती?"

"न सापडू दे. मला एकट्याला तर दारात येऊन उभी राहिली तरी वळखू यायची न्हाई. तू कशी वळखती, तेवढं दाव मला."

लांब नाक्यावर यष्टीचा हॉर्न वाजला. वसमतचीच होती. जळबानं तिला थांब म्हटलं नाही. फक्त तिच्याकडे बघत उभा राहिला. हॉर्न पुन्हा वाजला, मग गाडी निघाल्याचा आवाज, मग धूळ.

रुक्माबाईनं गाठोड्याकडे एकदा पाहिलं.

"टोक नीट धरा," ती म्हणाली. "घडी वाकडी चालली."

पुढच्या बाजाराला ते बाळापूरला गेले, मोहनसिंगही बरोबर होता. मी टेम्पोत होतो, म्हणून पुढचं मोहनसिंगाच्या तोंडून ऐकलं. बाजारभर जळबा एकेका काळ्या शेळीपुढे उभा राहून विचारत होता, "ही?" आणि रुक्माबाई म्हणत होती, "न्हाई. चालणं बघा की." गंगी मिळाली नाही. रिकाम्या हातांनी परतताना रुक्माबाई वाटेत रडली, आणि या वेळी तिच्या शेजारी बसून जळबाही रडला. त्यानंतर प्रत्येक गावात खेळ सुरू झाला की जळबा थोडा वेळ मागच्या बाजूला जाऊन बसायचा. बाया आधी कुरकुरल्या, मग त्याला जागा ठेवू लागल्या.

आमचा तंबू त्यानंतर काही वर्षं चालला. हिंगोली जिल्हा झाला, गावोगाव तारांवरून सिनेमे घरात आले, आणि एके दिवशी मोहनसिंगानं मशीनला शेवटचं तेल घालून निरोप घेतला. मग माझ्यावर हळद वाळली, हरभरा वाळला, एका लग्नात मी मांडवही झालो. मधे एक पावसाळा मी अडगळीत विसरला गेलो. उंदरांनी माझी एक किनार नेली, बुरशीनं काळे डाग पाडले. त्या अंधारात मला सगळ्यांत जास्त आठवलं ते ओल्या कापडातून आरपार जाणारं उजेडाचं ऊबदार पाणी.

दिवाळीच्या आवराआवरीत रुक्माबाईला मी सापडलो. तिनं डाग धुतले, किनार सांधली. आता दर वर्षी थंडी सरली की ती दोघं मला अंगणात आणतात. दोघांचे केस पांढरे झालेत, जळबाचा हात कापतो. दोन टोकं धरून ती मला उन्हात पसरतात, आणि संध्याकाळी तशीच दोन टोकं धरून घडी घालतात. अजूनही घडी थोडी वाकडी होते. अजूनही ती त्याला बोलते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनं काही पडलेलं असेल. आजीचं लुगडं, बापाची घोंगडी, एखादी सतरंजी. ते अडगळीत टाकू नका. वर्षातून एकदा बाहेर काढा, कुणाला तरी दुसरं टोक धरायला बोलवा आणि झटकून उन्हात घाला. ऊन कलायच्या आधी आठवणीनं पलटा. मागच्या बाजूलाही ऊन लागतं.